सोमवारची गोळी

"हिला कुठल्या घरी द्यायची, बोला," बाई म्हणाल्या आणि चहाचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत घट्ट धरून आमच्याकडं बघत बसल्या.

'ही' म्हणजे सिल्डेनाफिलची गोळी, पुरुषांच्या ताकदीची म्हणून गाजलेली. घेणारी होती नागपूरकडची सत्तरी ओलांडलेली एक आजी. फिरोज नदाफ माझ्या शेजारी खुर्चीत चुळबुळ करायला लागला. तेजश्री पळसुलेनं नजर कीबोर्डात घातली.

"फिरोज, तू सांग."

"मी कसं सांगू ओ बाई? ही गोळी कशासाठी घेतात ते सगळ्या जगाला म्हाईत हाय. पन आजी..."

"आजीला काय झालं?"

"आजीला न्हाई, मला झालंय. लाज वाटायलीय."

मी फसकन हसले. बाई हसल्या नाहीत. "जगदाळे, हसू नको, वाच. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

मी वाचलं. फुप्फुसातल्या रक्ताचा दाब वाढला म्हणून, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"मग? हीच गोळी तिथंही देतात. तुम्ही तिघं पदवीधर फार्मासिस्ट, आणि गोळीचं नाव बघून लाजताय! गोळीला विचारू नका रे, पेशंटला विचारा. चल तेजश्री, टाइप कर. उजवली."

आमच्या ऑफिसात औषधं अशी उजवली जायची. कर्वे रस्त्यावर फर्निचरच्या दुकानाच्या वर आमची छोटी कंपनी होती. जिना चढताना पॉलिशचा वास नाकात जायचा तो संध्याकाळपर्यंत जायचा नाही. नव्या औषधाची चाचणी शेकडो पेशंटांवर होते. पण हे पेशंट त्या औषधाशिवाय स्वतःच्या इतरही गोळ्या घेत असतात. अशी प्रत्येक गोळी कुठल्या वर्गातली हे ठरवणं आमचं काम. वर्गांची नावं ठरलेली, मंजूर झालेली. त्यांच्याबाहेरचं आपल्या मनाचं नाव घातलं तर परदेशातलं सरकारी खातं अख्खं बाड परत पाठवणार. बरं, एकाच गोळीची दोन-दोन, तीन-तीन घरं असतात. ॲस्पिरिन डोकं दुखतं म्हणून घेतली तर वेदनाशामकांत जाते, हृदयासाठी घेतली तर रक्त पातळ करणाऱ्यांत. कोणतं घर हे कारणावरून ठरायचं. आणि कारणाचा रकाना रिकामा असला तर अंदाज करायचा नाही, इस्पितळाला प्रश्न पाठवायचा. त्याला आम्ही क्वेरी टाकणं म्हणायचो. ज्यांचं घर ठरलेलं नाही त्या गोळ्या उपवर, आणि ठरलं की उजवली. ही सगळी भाषा बाईंची.

अनुराधा शेवडे त्यांचं नाव. आधी कॉलेजात औषधशास्त्र शिकवायच्या, म्हणून कंपनीत सगळ्या मॅडम असताना त्या तेवढ्या बाई राहिल्या. सुती साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात कायम पदराच्या आत. सकाळी आल्या की आम्हाला भोवती बसवायच्या. त्या गोळीचं नाव घ्यायच्या, आम्ही भांडायचो, त्या निवाडा द्यायच्या आणि आमच्यापैकी कुणीतरी टाइप करायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे चालायचं. दुसऱ्या कंपन्यांत लोक कानात बोंडं घालून एकटे एकटे गोळ्यांना वर्ग लावायचे. आमच्याकडं मंडई भरायची. मी कराडहून आलेली, पुण्यात मला माणसं तोंड उघडून बोलतात हेच मुळी तिथं पहिल्यांदा दिसलं.

मंगळवारी मात्र बाईंच्या वाटेला जायचं नाही. मंगळवारी त्यांचा चेहरा ओढलेला असायचा आणि बोलणं तिखट. फिरोज म्हणायचा, सोमवारचा उपास बाईंना मंगळवारी बाधतो.

त्या वर्षी आमच्या ऑफिसात एक मोठी गोष्ट घडायची होती. तोवर आम्ही केलेलं काम परदेशातल्या कचेरीत पुन्हा तपासलं जायचं आणि शेवटची सही तिकडच्या कुणाची तरी असायची. मधुमेहाच्या एका औषधाचं काम आमच्याकडं आलं तेव्हा बाई आमच्या कोरगावकर साहेबांशी महिनोन्महिने भांडल्या. आमची पोरं चुकत नाहीत, मग सही आमची का नको, हा त्यांचा धोशा. शेवटी तिकडून होकार आला. औषधांच्या वर्गीकरणाखाली शेवटची सही पुण्यातून जाणार होती, अनुराधा शेवडे यांची. त्या दिवशी बाईंनी सगळ्या ऑफिसला चितळ्यांची बाकरवडी खायला घातली आणि स्वतः एकही तुकडा न खाता खिडकीशी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शिकवलं, पण स्वतःच्या सहीचं असं हे पहिलंच, असं मला म्हणाल्या.

सहीला एक अट होती. वादातल्या गोळ्यांची अखेरची नोंद सही करणाऱ्यानं स्वतःच्या पासवर्डनं, स्वतःच्या हातानं करायची. दुसऱ्यानं त्या कीबोर्डला बोट लावलं तर काम बाद. बाई त्या नोंदी दुपारी जेवणानंतर करायच्या, दार लोटून घेऊन.

आणि नेमकी त्या धामधुमीत ती स्ट्रिप पडली.

सोमवार होता. बाई पॅंट्रीत पाणी घ्यायला गेल्या, रुमाल काढताना पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप खाली पडली आणि तेजश्रीनं ती उचलून दिली. तेवढंच. पण तेजश्री परत आली ती पांढरीफटक पडून. मला आणि फिरोजला जिन्यात ओढून नेलं.

"मेथोट्रेक्सेट," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाला त्या नावानं काही झालं नसतं. आम्हाला मात्र औषधाचं नाव ऐकलं की त्याचं घर डोळ्यांपुढं यायचं, धंद्याची खोडच ती. मेथोट्रेक्सेट म्हणजे कर्करोगाच्या औषधांचं घर.

"वजन बघ किती उतरलंय," तेजश्री म्हणाली. "केस बघ. मंगळवारी बसवत नाही त्यांना. आणि हात! सारखे लपवतात. सलाईनच्या सुयांच्या खुणा असणार."

"आई गं," फिरोज म्हणाला आणि पायरीवर बसला. "आणि आमी उपासावरनं चेष्टा करतोय त्यांची."

मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. बाईंना घरचं कुणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, आई होती ती दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. कर्वेनगरात एकट्या राहायच्या. एवढं दुखणं घेऊन ही बाई रोज जिना चढून येते आणि आम्हाला ॲस्पिरिनची दोन घरं शिकवते, या विचारानं त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्यानंतरचा आठवडा आठवला की आता हसू येतं, तेव्हा यायचं नाही. तेजश्री रोज थर्मासमधून डाळिंबाचा रस आणायला लागली. फिरोजनं मिरजेहून दर्ग्यातला दोरा मागवला आणि बाईंच्या खुर्चीच्या पाठीला हळूच बांधून टाकला. कुणी बाईंशी वाद घालेना. त्या म्हणाल्या, "हिला कुठं द्यायची?" की आम्ही म्हणायचो, "तुम्ही म्हणाल तिथं, बाई." त्यांनी मुद्दाम एका खोकल्याच्या औषधाला जुलाबाच्या घरात घातलं, तरी आम्ही मुंड्या हलवल्या.

"काय रे, तुमच्या तोंडाला कुलपं घातलीत का?" त्या म्हणाल्या. "की मी पाहुणी आहे इथं?"

तेजश्रीचे डोळे भरून आले. बाईंनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

शुक्रवारी त्याच कामात, मधुमेहाच्या चाचणीत, एक ओळ निघाली. सोलापूरकडच्या इस्पितळातला पेशंट. वय, वजन, सगळं होतं. औषध मेथोट्रेक्सेट. किती वेळा घेतो ते लिहिलेलं नाही. कारणाचा रकाना रिकामा.

बाईंनी नाव वाचलं आणि नेहमीसारखा प्रश्न केला. "बोला. हिला कुणाच्या घरी द्यायची?"

फिरोज छताकडं बघत होता.

"तेजश्री?"

"कर्करोगविरोधी," तेजश्री कसंबसं म्हणाली.

"कशावरून?"

"बाई, ते औषधच त्याचं आहे ना..."

"त्या घरात घातलंस तर पुढं काय होईल ठाऊक आहे? कर्करोगाच्या पेशंटला या चाचणीत घ्यायचंच नव्हतं. तू ती एक ओळ टाइप केलीस की हा माणूस चुकून घेतलेला ठरला. तो बाहेर. बिचारा इतके महिने इस्पितळात खेपा घालतोय, त्या सगळ्या फुकट. त्याला काय झालंय हे तू त्याला विचारलंस?"

तेजश्री खुर्ची मागं ढकलून उठली आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली.

बाई रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, मग फिरोजकडं. त्यांची नजर खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या दोऱ्यावर गेली. त्यांनी तो पदराआडून बोटानं जरासा हलवून पाहिला.

"क्वेरी टाक जगदाळे," त्या म्हणाल्या. "सोलापूरला." आणि पुढची गोळी घेतली.

संध्याकाळी कोरगावकर साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब मनाचा लोण्यासारखा माणूस. मांजर आडवं गेलं तरी ते मांजराची चौकशी करतील. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "जगदाळे, तेजश्रीनं सांगितलं मला. फार वाईट झालं. मी वर बोललोय. शेवडे मॅडमना पूर्ण पगारी रजा. जितकी हवी तितकी."

"आणि मधुमेहाच्या औषधाचं सबमिशन, सर?"

"ते हैदराबादच्या टीमला देऊ. त्यांची सही जाईल. आता अशा अवस्थेत त्यांच्यावर हा बोजा टाकायचा म्हणजे माणुसकी नव्हे. सोमवारी सांगतो त्यांना. तुम्ही तोवर काही बोलू नका."

मी बाहेर आले. जिन्यात फिरोज आणि तेजश्री उभेच होते. ऐकल्यावर तेजश्री म्हणाली, "मी चांगल्यासाठीच सांगितलं गं."

"चांगल्यासाठीच झालंय सगळं," मी म्हणाले. "आता त्यांची सही गेली. ज्या एका गोष्टीसाठी ती बाई रोज येते तीच आपण काढून घेतली."

"पन खरंच दुखनं असंल तर?" फिरोज म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "ए जगदाळे. आपल्यातल्या कुनी त्यान्ला विचारलं का गं?"

कुणीच विचारलं नव्हतं. कारणाचा रकाना रिकामा होता आणि आम्ही तिघांनी बिनदिक्कत घर भरून टाकलं होतं. परक्या सोलापूरकरासाठी क्वेरी गेली होती.

रविवारी सकाळी मी कर्वेनगरला गेले. फिरोज म्हणाला होता, तू जा, तुझी जीभ चालते. बेल वाजवली तर आतून आवाज आला, "उघडंच आहे, ढकल." कडीला साडीच्या काठाची एक पट्टी बांधलेली होती, मनगट अडकवून ओढता येईल अशी. मला ते विचित्र वाटलं.

"तू होय! ये. चहा टाक, मला जरा वेळ लागेल," बाई आरामखुर्चीतून म्हणाल्या. मांडीवर गरम पाण्याची पिशवी होती आणि दोन्ही हात तिच्याखाली.

मी स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा उचलला तर झाकण हातात आलं आणि डबा खालीच राहिला. चहापत्तीचंही तेच. सगळ्या डब्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली होती, एकही लावलेलं नव्हतं. लोणच्याच्या बरणीला फिरकीच्या झाकणाऐवजी फडकं होतं. नळाच्या तोटीला लाकडी कालथा सुतळीनं बांधला होता, कोपरानं ढकलला की पाणी यावं म्हणून. मी गॅससमोर तशीच उभी राहिले. चहा उतू गेला.

कप घेऊन बाहेर आले आणि जे ठरवून आले होते ते सगळं विसरले.

"बाई, तुम्हाला काय झालंय?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मान मागं टेकून एकदम हसल्या, इतक्या की पिशवी घसरून खाली पडली.

"टाकलीस एकदाची क्वेरी! अगं, सोमवारपासून वाट बघतेय मी. तेजश्रीनं स्ट्रिप उचलली तेव्हाच तिचं तोंड बघून ओळखलं. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही आणता काय, तर डाळिंबाचा रस! चांगलं मढ्यासारखं वागवलंत मला आठवडाभर."

"बाई, तसं नव्हे हो..."

"आठवड्यातून एक गोळी घेते मी. सोमवारी. कर्करोगाला अशी देतात होय गं? पदवी कुठल्या झाडाखाली घेतलीस?"

आणि त्यांनी हात वर केले. मी ते हात त्याआधी कधी नीट पाहिलेच नव्हते. बोटांची पेरं सुजून गोल झाली होती आणि सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. मूठ अर्धीच मिटत होती.

"संधिवात," त्या म्हणाल्या. "आईला होता. मला चाळिशीत धरलं. सकाळी उठले की ही बोटं माझी नसतात. अकरा-बारा वाजतात सुटायला. तोवर पेनसुद्धा धरवत नाही, कीबोर्ड तर सोडच."

माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत गेलं.

"म्हणून सकाळी तुम्ही आम्हाला बसवता? तुम्ही बोलायचं आणि आम्ही टाइप करायचं?"

"मग काय करणार? रुजू झाले तेव्हा साहेबांनी विचारलं, स्पीड किती? मी दुपारचा सांगितला. सकाळचा कुणी विचारला नाही." त्या चहाच्या कपाभोवती तळवे घट्ट धरून बसल्या. "आधी नुसती पळवाट होती ती. वेळ काढायचा होता मला. मग तुम्ही भांडायला लागलात. फिरोज एकेका गोळीसाठी टेबलावर हात आपटायचा, तू त्याला गप्प करायचीस. मला वाटलं, अरे, वर्गात सुद्धा पोरं इतकं शिकत नव्हती. मग सवय झाली. आता तर रविवारी करमत नाही."

आमची ती मंडई, ज्यासाठी मी घरचे सगळे बोलावत असूनही कराडला परत गेले नाही, ती या बोटांतून निघाली होती.

"सांगितलं का नाहीत बाई?"

"मरणाऱ्याला लोक रजा देतात. बोटं मोडलेल्याला नारळ देतात. आपलं काम बोटांचं आहे गं." मग आवाज उतरला. "आणि खरं सांगू? आई गेल्यापासून मला कुणी असं विचारलं नाही, काय झालंय म्हणून. कुणी नीट समोर बसून विचारलं असतं तर सांगितलंही असतं."

मी खाली बसून त्यांचे हात हातात घेतले. गरम होते पिशवीनं. साहेबांचं हैदराबादचं मला सांगावंच लागलं. ऐकताना त्यांचा चेहरा पार उतरला.

"म्हणजे कर्करोग नाही म्हणायचं तर संधिवात आहे म्हणावं लागणार," त्या म्हणाल्या. "छान. दोन्हीकडून माझी सहीच जाणार की."

"न सांगता नाही का चालणार?"

"रकान्यात चुकीचं घर तसंच ठेवू? मी?"

सोमवारी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं ठेवा म्हणाल्या, त्यामुळं आम्हाला ऐकू आलं. साहेबांनी रजेचं बोलायला सुरुवात केली तेव्हा बाईंनी दोन्ही हात पदरातून काढून त्यांच्या समोर धरले. साहेबांच्या तोंडून नुसतं "अरेरे" निघालं.

"कर्करोग नाही, सर. हे आहे. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. भीती वाटली."

"पण मॅडम, मग... अखेरच्या नोंदी तर तुम्हीच करायच्या आहेत. दुसऱ्याला हात लावता येत नाही. ऐन वेळी थांबलं तर अख्खं सबमिशन लटकेल."

"सगळ्या करून झाल्यात. दुपारी करते मी. आता एकच राहिलीय, सोलापूरची. तिचं उत्तर आलं की तीही करीन."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर हैदराबादला द्या. मी स्वतः फोन करून सांगीन तसं."

साहेबांनी खूप वेळ पेपरवेट फिरवला. शेवटी म्हणाले, "बुधवारी दुपारी बाराला डेटाला कुलूप लागतंय, मग काही घालता येणार नाही. तोवर ओळ गेली पाहिजे."

मंगळवारी सोलापूरचं उत्तर आलं नाही. मी फोन केला, डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दुपार टळली, संध्याकाळ झाली, बाईंची बोटं मोकळी होती आणि टाइप करायला काही नव्हतं. उत्तर आलं ते बुधवारी सकाळी, आम्ही नुकतेच जिना चढून आलो होतो तेव्हा. पेशंटला संधिवात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. रोग्याच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांचं घर. तो माणूस चाचणीत राहणार होता.

बाई संगणकापुढं बसल्या. हात टेबलाखाली होते.

"बाराला वेळ आहे अजून," तेजश्री म्हणाली.

"आज थंडी आहे. बाराला सुटतील याची खात्री नाही," बाई म्हणाल्या. "आत्ताच करते. फिरोज, चहा आण. कडकडीत."

फिरोज पळाला. पेला आला. बाईंनी तो तळव्यांत धरला, बोटं त्याच्याभोवती दाबली, डोळे मिटले. मग पेला ठेवून उजव्या हाताचं एक बोट उचललं. ते बोट सरळ होत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताच्या तळव्यानं मनगट धरलं आणि ते बोट पहिल्या अक्षरावर नेऊन टेकवलं.

आम्ही मागं उभे होतो. साहेबही येऊन दारात थांबले होते. औषधवर्गाचं ते इंग्रजी नाव लांबलचक, मी ते अर्ध्या मिनिटात टाइप केलं असतं. एकेक अक्षर उमटत होतं. मध्येच बोट घसरून शेजारच्या कळीवर पडलं, बाईंनी ते खोडलं आणि पुन्हा मनगट उचललं. तेजश्रीचा हात नकळत पुढं गेला तसा फिरोजनं तिचा दंड धरून मागं ओढला. कुणी बोटसुद्धा लावायचं नव्हतं. जन्मात मला दुसऱ्याला मदत न करणं इतकं जड गेलेलं नाही.

"घाई नाही, बाई," मी म्हणाले.

"तुला नाही. माझ्या सोलापूरकराला आहे," त्या न वळता म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता.

शेवटचं अक्षर पडलं. त्यांनी तळव्याची कडच एंटरवर टेकवली. पडद्यावर ती ओळ मंजूर झाली. खाली सहीच्या जागी त्यांचं नाव आलं, ए. शेवडे, पुणे.

"उजवली," बाई म्हणाल्या.

फिरोजनं मोठ्यानं नाक शिंकरलं. साहेब आत गेले, आणि हैदराबादला फोन लावून, तुमची गरज नाही, असं सांगतानाचा त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. आता गोळीचं नाव घातलं की संगणकच घर सुचवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सुचवतो. तरीही माझ्या टीमला मी सकाळी भोवती बसवते आणि मोठ्यानं भांडायला लावते. नव्या मुली वैतागतात, म्हणतात, मॅडम, ही पद्धत कुणी काढली? मी म्हणते, आमच्या बाईंनी. का काढली ते मात्र सगळ्यांना सांगत नाही. बाई आता चिपळूणला भाचीकडं असतात. दर सोमवारी मी फोन करते आणि हॅलोच्या आधी विचारते, "घेतली?" त्या म्हणतात, "घेतली गं बाई, तुझी क्वेरी बंद कर."

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या बुधवारची सकाळ. ओळ गेल्यावर पेल्यातला चहा गार झाला होता. तेजश्रीनं दुसरा गरम आणून ठेवला. बाईंनी तो तळव्यांत धरला नाही. पदर नीट मागं सारला, दोन्ही हात आमच्या सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले, वाकडे, सुजलेले, जसे होते तसे, आणि म्हणाल्या, "चला, पुढची घ्या. हिला कुणाच्या घरी द्यायची?"

आणि आम्ही तिघं एकाच वेळी भांडायला लागलो.